परभाषेतले सुपरहिरो: जुन्या विदेशी आवृत्त्यांच्या संग्रहाचा आढावा

सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहाने ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक ३६ लाख डॉलरला विकला. स्पायडरमॅन पहिल्यांदा अवतरला तो १९६२चा हा अंक. त्यावर छापलेली किंमत आहे बारा सेंट. असले अंक सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेले त्याला आता बराच काळ लोटला. तेव्हा स्पायडरमॅनच्या सुरुवातीच्या मेक्सिकन, फ्रेंच, इटालियन आवृत्त्यांकडे लोकांची नजर वळली यात नवल नाही. कालपर्यंत रद्दीत किलोच्या भावाने जाणाऱ्या या अंकांना आज दलाल आहेत, दरपत्रके आहेत आणि अर्थातच भांडणेही आहेत.

पण नव्या बाजाराच्या कितीतरी आधीपासून एक जुना संग्राहकवर्ग आहे. ल्योंमध्ये, मिलानमध्ये, मेक्सिको सिटीत, साओ पावलोत किंवा दादरमध्ये हे अंक ज्यांनी लहानपणी आपापल्या भाषेत वाचले, ते हे लोक. त्यांच्या लेखी या ‘विदेशी आवृत्त्या’ कधीच नव्हत्या. त्यांचा सुपरमॅन तोच होता. त्याला इंग्रजीही येते हे त्यांना पुढे कळले. या दोन वर्गांच्या मधोमध, अलीकडच्या पंचवीसेक वर्षांत, अनुवाद आणि प्रकाशनाचा इतिहास अभ्यासणारे येऊन उभे राहिले आहेत. तिघांचे हात एकाच कागदावर पडतात, पण त्या कागदाचे मोल कशात आहे यावर एकमत नाही. त्या मतभेदाचा हा आढावा.

हे अंक आले कुठून

अमेरिकी कॉमिक्स परदेशी गेली ती मुख्यतः परवान्याच्या व्यवहारातून. मूळ प्रकाशक किंवा वृत्तपत्रांना मालिका पुरवणाऱ्या सिंडिकेट काळ्या रेषांच्या फिल्म वा छापील प्रती पाठवत. फुग्यांतला मजकूर खोडून नवा लिहिणे, रंग भरणे, मुखपृष्ठ करणे आणि पाने जुळवणे हे स्थानिक प्रकाशकाच्या हाती असे. ही व्यवस्था लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचे जवळपास सगळे वाद तिच्यातून निघाले आहेत. एकच कथा दहा देशांत गेली की तिचे दहा कागद, दहा आकार आणि दहा रंगसंगती होत.

सुपरमॅन १९३८मध्ये अमेरिकेत आला आणि वर्षभरात इटलीत ‘चिक्लोने’ या नावाने छापला गेला. मुसोलिनीचे सरकार विदेशी कॉमिक्सवर निर्बंध घालत होते, त्याच काळात. खरी लाट मात्र महायुद्धानंतरची. ब्राझीलमध्ये आदोल्फो आयझेन यांच्या एबाल या संस्थेने १९४७मध्ये सुपरमॅनचे मासिक सुरू केले. मेक्सिकोत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे नोव्हारो म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रकाशनाने सुपरमॅन आणि बॅटमॅन स्पॅनिशमध्ये आणले. हे अंक साऱ्या लॅटिन अमेरिकेत आणि थेट स्पेनपर्यंत जात. इटलीत मोंदादोरीने १९५४मध्ये सुपरमॅनला ‘नेम्बो किड’ केले. बैरूतमध्ये १९६४मध्ये तो अरबी बोलू लागला आणि क्लार्क केंटचा नबील फौझी झाला.

स्पायडरमॅनच्या मार्व्हल या प्रकाशनाची लाट त्यानंतरची. मेक्सिकोतल्या ला प्रेन्सा या प्रकाशनाने १९६३मध्येच स्पायडरमॅन उचलला. ब्राझीलमध्ये १९६७च्या जुलैत मार्व्हलच्या नायकांची ओळख करून देणारे अंक शेलच्या पेट्रोलपंपांवर गाडीत पेट्रोल भरणाऱ्यांना फुकट मिळाले, त्यामुळे तिथला संग्राहक आजही पेट्रोलपंपाचे नाव घेऊनच त्या अंकांविषयी बोलतो. क्युबेकमध्ये एरिताज या प्रकाशनाने १९६८पासून फ्रेंचमध्ये, पण कृष्णधवल छपाईत हे अंक काढले. १९६९मध्ये ल्योंच्या ल्यूग प्रकाशनाने ‘फँतास्क’ आणि स्पेनमध्ये व्हेर्तिसेने आपली मालिका सुरू केली. १९७०च्या एप्रिलमध्ये मिलानच्या कोर्नोने ‘लुओमो राग्नो’ म्हणजे स्पायडरमॅन काढला, तर १९७४मध्ये हॅम्बुर्गच्या विल्यम्स प्रकाशनाने जर्मनीत मार्व्हलची मोठी आघाडी उघडली. यातल्या बहुतेक संस्था आज नाहीत. कोर्नो १९८४मध्ये बंद पडली, नोव्हारोही त्याच सुमारास. त्यांची दप्तरे कुठे गेली हा प्रश्न पुढे येणारच आहे.

कात्री, ब्रश आणि कायदा

विदेशी आवृत्ती म्हणजे इंग्रजी मजकुराच्या जागी दुसऱ्या भाषेतला मजकूर, अशी ज्याची समजूत आहे त्याने व्हेर्तिसेचा एखादा जुना अंक हाती घेऊन पाहावा. खिशात मावेल असा बुटका, जाडजूड, पुस्तकासारख्या कण्याचा हा अंक. आत सगळे कृष्णधवल. मूळ अमेरिकी पानावर सहा ते नऊ चौकटी असतात. इथे पानावर दोन किंवा तीन. म्हणजे मूळ पान कापून, चौकटी सुट्या करून, नव्याने मांडलेल्या. आडव्या चौकटीला उभ्या जागेत बसवताना जी मोकळी जागा उरे तिथे स्थानिक चित्रकाराने इमारत वाढवली, आकाश वाढवले, कधी नायकाला अख्खे पाय काढून दिले. मूळ चित्रकार जॅक कर्बीने मांडलेल्या पानाचा तोल कुठल्या कुठे जातो. मुखपृष्ठ मात्र राफाएल लोपेस एस्पी यांनी नव्याने रंगवलेले, आणि अनेक संग्राहकांच्या मते मुळापेक्षा सरस. शिवाय वर ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का. फ्रँकोच्या राजवटीत मुलांच्या प्रकाशनांवरची तपासणी जाचक होती. सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या मेक्सिकन अंकांवर १९६४मध्ये स्पेनमध्ये बंदीही आली होती. प्रौढांचा शिक्का ही त्यातून काढलेली पळवाट होती. अंक घ्यायला रांगेत उभी असत ती शाळकरी पोरे.

फ्रान्समध्ये कायदा आणखी जुना. १६ जुलै १९४९च्या कायद्याने मुलांच्या प्रकाशनांवर देखरेख करणारा आयोग नेमला गेला. कम्युनिस्ट आणि कॅथलिक, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष, अमेरिकी कॉमिक्सच्या विरोधात मात्र एकत्र होते. ल्यूगचे ‘फँतास्क’ या आयोगाच्या नाराजीमुळे सात अंकांत गुंडाळले गेले. जानेवारी १९७०मध्ये ‘स्ट्रेंज’ सुरू करताना प्रकाशकांनी शहाणपण शिकून घेतले होते. आयोगाने बोट ठेवण्याआधीच त्यांचे रिटचिंग करणारे कारागीर कामाला लागत: ठोशाच्या आवाजाची मोठी अक्षरे गायब, वेगाच्या रेषा गायब, पिस्तुलाच्या तोंडची ठिणगी गायब, खलनायकाचा भेसूर चेहरा जरा माणसात आणलेला. परिणाम असा की काही पानांवर दोन माणसे एकमेकांसमोर हात उगारून शांतपणे उभी दिसतात आणि पुढच्या चौकटीत एकजण भुईसपाट. मधे काय झाले ते वाचकाने समजून घ्यायचे.

इटलीत वेगळीच शस्त्रक्रिया झाली. ‘नेम्बो किड’च्या छातीवरचे ‘एस’ हे अक्षर पुसले गेले आणि वर्षानुवर्षे सुपरमॅन कोरे चिन्ह छातीवर मिरवत उडत राहिला. १९६६च्या सुमारास त्याचे मूळ नाव परतले. जर्मनीत १९५३च्या कायद्यानंतर तरुणांना घातक ठरणारे साहित्य तपासणारी यंत्रणा उभी राहिली. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सविरोधी पुस्तक आणि प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता, दोन्ही १९५४ची. म्हणजे ही भीती जगभर एकाच दशकातली आहे. जॉन लेंट यांनी १९९९मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात या जागतिक मोहिमेचा तपशील एकत्र आला आहे. संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की प्रत्येक देशाने ही भीती कागदावर वेगळ्या तऱ्हेने उमटवली.

मोल कशात

या साऱ्या फेरफारांकडे कसे पाहायचे, इथून मते फुटतात.

बाजाराच्या अंगाने येणारा संग्राहक ‘पहिले दर्शन’ शोधतो. अमुक नायक अमुक देशात पहिल्यांदा कधी छापला गेला, तो अंक महत्त्वाचा, बाकीचे दुय्यम. या भूमिकेला स्वतःचे तर्कशास्त्र आहे. अमेरिकी संग्रहाची सगळी उतरंड पहिल्या दर्शनावर रचलेली आहे, १९७०पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीटच्या दरपुस्तिकेने ती पक्की केली आणि तोच नियम इतर देशांना लावला की निदान तुलनेला एक माप मिळते. शिवाय विदेशी अंक मुळातच कमी उरले आहेत, मग दुर्मीळतेचा भाव का मिळू नये, असा त्यांचा सवाल असतो. त्याला उत्तर मिळते ते असे: दुर्मीळ असणे आणि कोणाला तरी हवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमधल्या एखाद्या अंकाच्या पाचच प्रती उरल्या असतील, पण घेणारे तीनच असतील तर भाव कुठून येणार? गेल्या काही वर्षांत सुपरहिरो चित्रपटांच्या लाटेबरोबर काही देशांतल्या पहिल्या दर्शनांचे दर चढले हे खरे. ती मागणी टिकाऊ आहे की चित्रपटाच्या जाहिरातीपुरती, यावर विक्रेत्यांचेही एकमत नाही.

दुसरी भूमिका मालिका पूर्ण करणाऱ्यांची. त्यांना एकटा पहिला अंक नको असतो; ‘स्ट्रेंज’चे सगळे अंक सलग हवे असतात, आतली चिकटचित्रे, भित्तिपत्रे आणि कुपन जशीच्या तशी हवी असतात. इथला व्यवहार बऱ्याच अंशी स्मरणाचा आहे आणि त्यात कमीपणाचे काही नाही. उलट या लोकांनीच अंकांच्या याद्या केल्या, कोणती अमेरिकी कथा कुठल्या अंकात कापून बसवली याचे कोष्टक तयार केले. १९९४मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेसमध्ये आज अनेक भाषांतले अंक नोंदलेले दिसतात, ते असल्या चिकाटीच्या लोकांमुळे. त्यांच्यावरचा आक्षेप एवढाच की त्यांचे प्रेम बहुधा एका देशापुरते असते. फ्रेंच संग्राहकाला ल्यूगच्या चुका तोंडपाठ असतात, पण त्याच कथेचे सीमेपलीकडे इटलीत काय झाले याचा पत्ता नसतो.

तिसरी भूमिका अभ्यासकांची. क्लाउस काइंडल यांनी १९९९मध्ये कॉमिक्सच्या अनुवादाचा अभ्यास कसा करावा याची एक चौकट मांडली. शब्दांबरोबर अक्षरलेखन, रंग, चौकटींची मांडणी, छपाईचा आकार हे सगळे अनुवादातच मोडते, हा तिचा गाभा. फेदेरिको झानेत्तिन यांच्या २००८च्या संपादित ग्रंथाने आणि त्यातल्या वालेरिओ रोता यांच्या आकारबदलावरच्या लेखाने हा धागा पुढे नेला. या दृष्टीने पाहिले तर कापलेले पान दोष राहत नाही. त्या समाजाने काय सहन केले आणि काय नाही याचा तो पुरावा ठरतो. कोऱ्या छातीचा सुपरमॅन म्हणूनच मोलाचा. अभ्यासकांवरचा आक्षेपही वाजवी आहे: ते मोजक्या नमुन्यांवर मोठे निष्कर्ष काढतात, आणि ते नमुने मिळवायला शेवटी संग्राहकाच्याच दारात जातात.

प्रस्तुत लेखकाचा कल तिसऱ्या बाजूकडे झुकतो, पण दुसऱ्या बाजूच्या याद्यांशिवाय तिसरी बाजू एक पाऊलही टाकू शकत नाही, हेही तितकेच खरे.

मूळ की भर

सगळ्यात रंगतदार वाद अनुवादाचा नाही, स्थानिक प्रकाशकांनी घातलेल्या भरीचा आहे. अमेरिकेत १९७३मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२१व्या अंकात ग्वेन स्टेसी मेली. पीटर पार्करच्या या प्रेयसीचा मृत्यू हा अमेरिकी कॉमिक्समधला मोठा टप्पा मानतात. मेक्सिकोत मात्र ती जिवंत राहिली. अमेरिकी कथा तिथल्या प्रकाशनाच्या वेगाला पुऱ्या पडत नव्हत्या, म्हणून ला प्रेन्साने होसे लुईस गोन्सालेस दुरान यांच्याकडून स्पायडरमॅनच्या नव्याच कथा काढून घेतल्या. त्यांत ग्वेन हिंडते, बोलते, पीटरबरोबर साहसे करते; एका मुखपृष्ठावर तर दोघे वधूवराच्या पोशाखात आहेत. अनेक वर्षे अमेरिकी संग्राहकांना याची गंधवार्ता नव्हती. आता हेच अंक मेक्सिकन संग्रहातले सर्वात मागणी असलेले अंक झाले आहेत.

या कथांना स्पायडरमॅनच्या कथा म्हणायचे का? ‘अधिकृत’ कथाप्रवाह मानणाऱ्यांच्या मते नाही. तो प्रवाह न्यूयॉर्कमध्ये ठरतो. उलट बाजू म्हणते की हजारो वाचकांनी तो स्पायडरमॅन म्हणूनच विकत घेतला, म्हणून तो स्पायडरमॅन. ल्यूगसाठी झां-ईव्ह मितों यांनी १९८०च्या सुमारास काढलेल्या सिल्व्हर सर्फरच्या फ्रेंच कथांबद्दलही हाच वाद आहे. जपानमध्ये तर प्रश्न आणखी पुढे जातो. रिओइची इकेगामी यांचा १९७०-७१चा स्पायडरमॅन ना अनुवाद, ना भर. सगळी माणसे, शहर, दुःखे जपानी आहेत. परवाना अमेरिकी, कथा जपानी. असा अंक ‘विदेशी आवृत्ती’च्या कपाटात ठेवायचा की मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या?

जपानी बॅटमॅनचे प्रकरण संग्राहकांविषयी जास्त सांगते. टीव्हीवरच्या बॅटमॅनच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन जिरो कुवाता यांनी १९६६-६७मध्ये शोनेन किंग या साप्ताहिकासाठी बॅटमॅनच्या कथा चितारल्या. त्या पुढे विसरल्या गेल्या. २००८मध्ये अमेरिकी ग्रंथरचनाकार चिप किड यांनी संग्राहक सॉल फेरिस यांच्या कपाटातले अंक आणि खेळणी घेऊन ‘बॅट-मांगा’ हे देखणे पुस्तक काढले. जीर्ण पाने, पिवळे कागद, दुमडलेले कोपरे सगळे छायाचित्रांत टिपलेले. कौतुक झाले आणि टीकाही झाली, कारण मुखपृष्ठावर किड, छायाचित्रकार जेफ स्पिअर आणि फेरिस यांची नावे होती, कुवातांचे नव्हते. किड यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे की पुस्तकाचा विषय वस्तू आणि तिचा शोध हा होता. टीकाकारांचे म्हणणे की वस्तूवर प्रेम करता करता चित्रकार पुसला गेला. पुढे २०१४पासून बॅटमॅनच्या मूळ प्रकाशकांनी, म्हणजे डीसीने, कुवातांच्या कथा त्यांच्या नावाने संपूर्ण छापल्या. संग्राहक नसता तर त्या कथा वर आल्या नसत्या, आणि संग्राहकाच्या नजरेतून पाहिल्यामुळेच पहिल्या फेरीत कर्त्याला दुय्यम जागा मिळाली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

प्लॅस्टिकच्या पेटीतले ग्रेडिंग

फ्लोरिडातल्या सीजीसी या कंपनीने २०००पासून कॉमिक्सची अवस्था तपासून ०.५ ते १०च्या पट्टीवर गुण द्यायला आणि अंक सीलबंद प्लॅस्टिकच्या पेटीत घालायला सुरुवात केली. विदेशी अंकही तिच्याकडे जातात आणि लेबलवर देश नोंदला जातो. बाजाराला यातून विश्वास मिळाला. बनावट मुखपृष्ठे, रंग लावून लपवलेल्या घड्या, कापून सरळ केलेल्या कडा हे प्रकार विदेशी अंकांतही आहेत, आणि दूर देशातल्या खरेदीदाराला फोटोवरून ते कळत नाहीत.

अडचण अशी की ही पट्टी अमेरिकी अंकावर बेतलेली आहे: ठरावीक आकार, दोन पिना, गुळगुळीत मुखपृष्ठ. व्हेर्तिसेचा गोंदाने चिकटवलेला कणा, ब्राझीलचा छोटा ‘फोर्मातिन्यो’ आकार यांचे दोष वेगळे असतात. फ्रान्समध्ये न खपलेले अंक प्रकाशक परत घेई, तीन-चार एकत्र बांधून नवे मुखपृष्ठ लावून पुन्हा विकी. त्या बांधणीतून सोडवलेला सुटा अंक मूळ मानायचा की दुरुस्त केलेला? त्याच्या पाठीवर गोंदाचा पट्टा हमखास असतो. फ्रेंच संग्राहक अशा प्रतीला सरळ खालच्या प्रतीची मानतो. परदेशी खरेदीदाराला अनेकदा फरकच ठाऊक नसतो.

सीजीसी तपासलेल्या प्रतींची मोजदाद जाहीर करते आणि ‘जगात अवघ्या चार प्रती’ अशी जाहिरात त्या आकड्यावरून केली जाते. आकडा खरा असतो, पण तो तपासायला पाठवलेल्या प्रतींचा. मेक्सिकोतल्या माळ्यावर किती पडल्या आहेत हे त्यातून कळत नाही. पेटीतला अंक उघडता येत नाही, ही तक्रार अभ्यासकांची. ज्या पानावरचा आवाज पुसला गेला तेच पान पाहायचे असेल तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडली की गुण गेले.

वेताळाची मराठी बाजू

मराठी वाचकाला या सगळ्यात घरचा म्हणावा असा नायक एकच, वेताळ. वेताळ म्हणजेच ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांत आला, सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी. अंगाला घट्ट पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा, पण अंगात अलौकिक शक्ती नाही. म्हणून त्याला सुपरहिरो म्हणावे की नाही यावर अमेरिकेत वाद आहे. त्याच्या विदेशी आयुष्याबद्दल मात्र वाद नाही. स्वीडनमध्ये ‘फान्तोमेन’ १९५०पासून निघतो आहे आणि १९६३पासून तिथे त्याच्या स्वतंत्र कथा रचल्या जातात. फँटम जितका अमेरिकेबाहेर वाढला तितका घरी वाढला नाही.

भारतात टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असा त्यांचा प्रवास झाला आणि १९९०मध्ये बंद पडेपर्यंत ८०३ अंक निघाले. त्यांतले निम्म्याहून अधिक वेताळाचे. सोबत जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६पासून आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय बहादूर. अनंत पैंनी अमर चित्र कथेकडे वळण्याआधी याच कंपनीत या अंकांवर काम केले होते. मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली, आणि ती अमेरिकी मुखपृष्ठांची नक्कल नव्हती.

फेरफार इथेही झाले. वेताळाचा बंगाला हा देश भारतीय अंकांत डेंकाली झाला. मूळ कथेतल्या सिंग नावाच्या चाच्यांना सिंगा केले गेले, कारण उघड आहे. आयोग नव्हता, बंदी नव्हती; संपादकाने वाचकाचा अंदाज घेऊन केलेली ही दुरुस्ती होती. ल्यूग आणि इंद्रजाल यांची तुलना करणारा अभ्यास कोणी हाती घेतला तर सरकारी धाक आणि संपादकीय सावधपणा यांतला फरक पानोपानी दाखवता येईल.

संग्राहकांच्या दृष्टीने मराठी इंद्रजालची स्थिती विचित्र आहे. इंग्रजी आणि हिंदी प्रतींना मागणी देशभरातून येते. मराठी प्रतीचा खरेदीदार बहुधा मराठीच, म्हणजे पुण्यातला, मुंबईतला किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला. मुखपृष्ठ तेच असल्याने ज्याला फक्त चित्र हवे तो मराठी प्रत घेत नाही. वर या प्रतींची अवस्था. सुट्टीत भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी त्यांच्यावर शिक्के मारले, घराघरांतून दहा-बारा अंक एकत्र करून पुठ्ठ्याची बांधणी झाली आणि बाइंडरने कडा कापताना मुखपृष्ठावरची अर्धी किंमत नेली. पिना गंजून त्यांचा तांबडा डाग मधल्या पानांवर उतरला. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुने अंक चाळताना असल्या डागांवरून जाणकार कुठला अंक किती काळ बांधणीत होता ते सांगतात. अमेरिकी पट्टीवर या प्रतींना दोन-तीन गुण मिळतील. वाचनालयाचा शिक्का मात्र अंक कुठून कुठे फिरला याची नोंद आहे, आणि ती पुसलेली प्रत स्वच्छ दिसली तरी मुकी होते.

काय सुटायचे आहे

छापलेल्या प्रतींचे आकडे हा पहिला घोळ. प्रकाशकांची दप्तरे नसल्याने दुर्मीळतेबद्दलचे बहुतेक दावे अंदाजावर उभे आहेत. काही देशांत अंकावर तारीखच नाही, पुनर्मुद्रण मूळ अंकासारखेच दिसते, आणि परवान्याशिवाय छापलेले अंक तर कुठल्याच यादीत नाहीत. अशा चोरट्या आवृत्त्या संग्रहात घ्याव्यात का, यावर जुने संग्राहक कडक आहेत. अभ्यासक म्हणतात की वाचकाने जे वाचले ते सगळे नोंदले पाहिजे. माझ्या मते नोंद आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर या वादाची धार बरीच बोथट होते, पण बाजार त्या वेगळ्या ठेवू देत नाही.

तारखांच्या बाबतीत निदान एक वाट आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक प्रकाशनाची प्रत कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. भारतातही पुस्तके आणि नियतकालिके ग्रंथालयांत देण्याचा १९५४चा कायदा आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईतले मध्यवर्ती ग्रंथालय ही त्यासाठी नेमलेली ठिकाणे. संग्राहकांच्या याद्या आणि ग्रंथालयांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या तर मराठी अंकांचा क्रम बराच लागू शकतो. त्यासाठी ग्रंथालयाच्या नोंदवहीत कॉमिक्सला जागा मिळालेली असावी लागते.

उरतो स्कॅनिंगचा प्रश्न. कागद पिवळा पडून तुटायला लागला आहे आणि संग्राहक आपापल्या परीने पाने स्कॅन करून ठेवत आहेत, पण हक्क गुंतागुंतीचे आहेत. भारतीय कायद्यात कर्त्याचे नाव नसलेल्या लिखाणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे १९६४मध्ये छापलेल्या अंकात अनुवादकाचे नाव नसेल, तर त्या अनुवादाची मुदत २०२४अखेर भरली. मूळ कथेचे आणि चित्रांचे हक्क अमेरिकेत वेगळ्या हिशोबाने चालतात. मुखपृष्ठ रंगवणाऱ्याचे हक्क तिसरेच. म्हणजे वेताळाच्या तोंडचे मराठी शब्द मोकळे असू शकतात, खुद्द वेताळ मात्र अजून कोणाच्या तरी मालकीचा. आणि संग्राहकाच्या स्कॅनरवर दोघे एकाच पानात येतात.